ताट द्यावे, पाट देऊ नये

मरणाची तयारी करून ठेवणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. कपाटात लाल फडक्यात बांधलेले मृत्युपत्र असते, विम्याची पॉलिसी असते, देहदानाचा भरलेला फॉर्म असतो, 'माझे दिवस घालू नका' अशी बजावणी असते आणि देवघरात गंगेचा सीलबंद गडूही असतो. आपल्या माघारी काय व्हावे याचा बंदोबस्त मध्यमवर्गीय मराठी माणूस बऱ्यापैकी करतो. राहून जातो तो मरणाच्या अलीकडचा काळ. सही करताना हात थरथरू लागतो, तारीख-वार विसरायला होतात, आंघोळीला दुसऱ्याचा आधार लागतो. तिथपासून शेवटच्या श्वासापर्यंतच्या या काळाचा एकही कागद बहुतेक घरांत नसतो.

पूर्वी त्याची गरजही फारशी भासत नसे. माणूस अंथरुणाला खिळला की महिना-दोन महिन्यांत सुटायचा. आता औषधांनी आयुष्य वाढवले आहे आणि त्याबरोबर हा मधला काळही वाढला आहे. पक्षाघातानंतर माणूस आठ-दहा वर्षे काढतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये साठी ओलांडलेले सुमारे १४.९ कोटी लोक या देशात होते. २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील, म्हणजे दर पाच माणसांत एक. २०२३ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. ही माणसे हयात आहेत, त्यांच्या नावावर घरे आणि ठेवी आहेत, पण त्यांच्या सहीला अर्थ उरलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने याहून अडचणीची अवस्था क्वचितच असेल.

ही अडचण कशी समोर येते ते सांगतो. माझ्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक. हिशेबाला चोख. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सारी रक्कम त्यांनी मुदतठेवीत ठेवली, एकट्याच्या नावावर, नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव घालून. शिवाय दूरदृष्टी दाखवून मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्रही करून ठेवले. पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली, समज गेली. रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी ठेव मोडायला मुलगा मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेला, तेव्हा व्यवस्थापकाने एकच प्रश्न विचारला, "वडील शुद्धीवर आहेत का?" मुलाने खरे ते सांगितले आणि व्यवस्थापकाने कागद परत केला. पत्नी नॉमिनी होती, पण नॉमिनीचा हक्क ठेवीदाराच्या मृत्यूनंतरचा. नवरा जिवंत असल्यामुळे त्या माउलीला त्याच्याच पैशाने त्याचे औषध आणता येईना. शेवटी दागिने मोडावे लागले.

व्यवस्थापकाचे वागणे कोरडे वाटेल, पण तो चुकला नव्हता. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा माणूस मेला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की त्याने दिलेला अधिकार संपतो. धडधाकट माणसाच्या मुखत्याराला घर विकता येते, भाडे वसूल करता येते. तो माणूस निकामी झाला, खऱ्या अर्थाने मुखत्याराची गरज लागली, की कागद रद्द. छत्री फक्त कोरड्या दिवसांत उघडावी आणि पाऊस आला की मिटावी, तसा हा प्रकार. इंग्लंडकडून आपण हे तत्त्व घेतले. तिथे ते १९८५ मध्येच बदलले. बुद्धी गेल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय झाली आणि २००५च्या कायद्याने तिला अधिक चांगले रूप मिळाले. सिंगापूरने २००८ मध्ये असाच कायदा केला. आपण मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या कलमाशी इमान राखून आहोत.

मग अशा घरांनी करायचे काय? अज्ञान मुलासाठी पालक नेमण्याचा कायदा आपल्याकडे १८९० पासून आहे. कोमातल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढासाठी तसा सरळ कायदा नाही. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेवर न्यायालयामार्फत व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७चा नवा कायदा अनेक बाबतींत उदार आहे, पण ही तरतूद त्यात उरली नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा दरवाजा. राज्यघटनेच्या २२६व्या अनुच्छेदाखालचे अधिकार वापरून उच्च न्यायालये पत्नीला किंवा मुलाला पालक नेमतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी रीतसर मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही असे दिलासे दिले आहेत. न्यायालयाने मन मोठे केले हे खरेच. पण सांगली-जळगावच्या सत्तर वर्षांच्या बाईने नवऱ्याची ठेव मोडण्यासाठी उच्च न्यायालयात याचिका करायची, याला सोय म्हणत नाहीत.

म्हणून बुद्धी शाबूत आहे तोवर काही साध्या गोष्टी कराव्यात. पहिली बँकेची. खाती आणि ठेवी पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असाव्यात आणि त्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे लिहिलेले असावे, म्हणजे खात्यासाठी आणि मुदत संपलेल्या ठेवीसाठी दोघांपैकी कोणाचीही सही चालते; मुदतीआधी ठेव मोडायला मात्र सहसा दोघांच्याही सह्या लागतात. पुष्कळांच्या पावत्यांवर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असते. दिसायला दोन्ही सारखेच, पण दुसऱ्या प्रकारात पहिले नाव असलेला माणूस हयात असेपर्यंत दुसऱ्याला काही करता येत नाही. आज घरी जाऊन पावती उलटून पाहावी. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याची समज शाबूत आहे पण हात चालत नाही, अशा ग्राहकाच्या अंगठ्याचा, अगदी पायाच्या अंगठ्याचासुद्धा, ठसा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगून ठेवले आहे. साक्षीदारांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. काउंटरवर 'जमत नाही' असे उत्तर मिळाले तर हा नियम नम्रपणे दाखवावा.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत घरोघरी आहे आणि भावाभावांतल्या निम्म्या भांडणांचे मूळ तिच्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की नॉमिनीने पैसे स्वीकारायचे ते वारसांच्या वतीने. बँकेतल्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण तिने मृत्युपत्राची जागा भरून निघत नाही.

आता घराकडे येऊ, कारण सगळे रामायण तिथेच घडते. 'भरलेले ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये,' असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. त्यांनी कायदा वाचला नव्हता, पण माणसे वाचली होती. आज पाट देणे फार स्वस्त झाले आहे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस द्यायची असेल तर महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागला तर तो वेगळा. "बाबा, पुढे कटकट नको, आत्ताच नावावर करून टाका," असे मुलगा म्हणतो, बहुतेक वेळा निर्मळ मनाने म्हणतो, आणि वडील दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा देऊन येतात. दिलेले बक्षीस मनात आले म्हणून परत घेता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ पासून सांगतो आहे. मृत्युपत्र शंभरदा बदलता येते, बक्षीसपत्र एकदाच होते. 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांनी हयातीतच मुलांना सारे वाटून टाकले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे १९७० पासून महाराष्ट्र पाहतो आहे. नाटक पाहून आपण डोळे पुसतो आणि सोमवारी सकाळी तेच करायला निघतो.

कायदा अगदीच स्वस्थ बसलेला नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७चा कायदा याच दुखण्यावरचा. त्याखाली प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर साध्या अर्जाने दाद मागता येते आणि मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. त्याहून मोलाचे आहे ते कलम २३. या कायद्यानंतर ज्येष्ठाने 'माझा सांभाळ करावा' या अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते देणे फसवणुकीने झाले असे मानून रद्द करता येते. मात्र या कलमाचा सारा जीव 'अटीवर' या एका शब्दात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. नुसते 'प्रेमापोटी दिले' असे लिहून दिले असेल तर कलमाचा उपयोग नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत देवविले. तिच्या बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि त्याच दिवशी मुलाने वेगळे वचनपत्रही लिहून दिले होते. एका ओळीने तिचे घर वाचले.

तेव्हा पाट शक्यतो देऊच नये. घर आपल्याच नावावर ठेवावे आणि मृत्युपत्राने द्यावे. काही कारणाने हयातीत द्यावेच लागले, तर बक्षीसपत्रात दोन वाक्ये असावीत: आम्हा उभयतांना मरेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क राहील, आणि आमच्या अन्न-वस्त्र-औषधाची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील. "मुलावर एवढाही विश्वास नाही का?" असा प्रश्न येईल. त्यावर माझे उत्तर असे, की विश्वास मुलावर ठेवावा, काळावर ठेवू नये. मुलाची नोकरी जाते, त्याचे लग्न मोडते, त्याच्यावर कर्ज होते, कधी तोच आधी जातो. अट त्या दिवसांसाठी असते. चांगल्या मुलाला ती जाचत नाही.

मृत्युपत्राबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत. त्यांनी आपल्याला सही करताना पाहिलेले असावे, ते आपल्याहून तरुण असावेत आणि त्यांना त्यात काही मिळणार नसावे. वय झाले असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. पण एका गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे, आणि ती पत्नीची आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असल्यास त्याची आई यांच्यात समान वाटली जाते. तीन मुले असतील तर ज्या घरात चाळीस वर्षे संसार केला त्या घराच्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याचीच ती मालकीण. मुलांनी वाटणी मागितली तर उतारवयात घर विकायची पाळी तिच्यावर. आपल्याकडे बायका सहसा नवऱ्याहून वयाने लहान असतात आणि जास्त जगतात. मघा सांगितलेल्या मधल्या काळाची शेवटची काही वर्षे बहुधा त्या एकट्याने काढतात. म्हणून मृत्युपत्र करणाऱ्याने आधी तिचा विचार करावा, मुलांचा नंतर. गोव्याची रीत इथे वेगळी आहे. तिथे सर्वसाधारणपणे लग्नाबरोबरच मालमत्तेचा अर्धा वाटा जोडीदाराचा होतो, आणि वंशज असतील तर आपल्या हिश्श्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने मनासारखा देता येतो. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राला साधारण एक तृतीयांशाची मर्यादा आहे. ज्याचा त्याचा कायदा पाहून सल्ला घ्यावा.

पैसा आणि घर झाले. उरतो देह. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांना डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" त्या क्षणी जे घडते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. अमेरिकेतला मुलगा फोनवरून म्हणतो, सगळे करा. दोन वर्षे उशाशी बसलेली सून गप्प राहते. आणि ज्याच्या देहाचा प्रश्न आहे त्याला काय हवे होते ते कोणालाच माहीत नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांची जी सेवा केली तिला तोड नाही. त्यांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०११ मध्ये निकाल झाला, सारा देश बोलला. स्वतः अरुणांची इच्छा काय होती, हे सांगणारा कागद नव्हता.

तसा कागद आता करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलच्या इच्छापत्राला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कटकटीची रीत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करायचा, आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावे त्यात लिहायची आणि प्रती घरच्यांना, नेहमीच्या डॉक्टरांना व स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायच्या. आजार बरा होण्याची आशा नाही असे डॉक्टरांच्या दोन मंडळांनी ठरवल्याखेरीज तो अमलात येत नाही, त्यामुळे भीतीचे कारण नाही. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र करून लोकांपुढे उदाहरण ठेवले. याच्याच जोडीला आणखी एक कागद आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे साध्या कागदावर सही करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. हा प्रतिनिधी उपचारांपुरता आपला आवाज होतो. पैशाचे व्यवहार मात्र त्याला करता येत नाहीत.

इथे एक नाजूक प्रश्न येतो, तो म्हणजे नाव कोणाचे लिहायचे. आपण सवयीने थोरल्या मुलाचे लिहितो. तो सॅन होजेला असतो. डायपर बदलणारी मुलगी किंवा सून असते ठाण्यात, किंवा मंचरला. सहीचा अधिकार एकाकडे आणि सेवा दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली की सेवा करणारीला प्रत्येक गोळीसाठी परवानगी मागावी लागते. जो जवळ आहे आणि करणार आहे त्याला अधिकार द्यावा, आणि मृत्युपत्र लिहिताना त्याच्या कष्टांचीही आठवण ठेवावी. हे उघडपणे, सगळ्यांना बसवून सांगावे. मागे राहिलेल्यांना पैशापेक्षा लपवाछपवी जास्त लागते.

या साऱ्यातली खरी अडचण कायद्याची नाहीच, बोलण्याची आहे. मुलगा विचारत नाही, कारण विचारले तर लोक म्हणतील डोळा इस्टेटीवर. वडील बोलत नाहीत, कारण बोलले तर मुलाला वाटेल संशय घेतात. आई तर 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून विषयच बंद करते. अशा तिहेरी संकोचात दहा वर्षे जातात आणि मग एका पहाटे बाथरूममध्ये पडल्याचा आवाज येतो. त्यानंतर बोलायला माणूस असतो, पण त्याच्या बोलण्याला कायद्यात किंमत नसते. हे बोलणे वडिलधाऱ्यांनीच सुरू केले पाहिजे. तो त्यांचा मान आहे आणि कर्तव्यही.

सरकारकडेही एक मागणी आहे. बुद्धी गेल्यानंतर टिकणारे मुखत्यारपत्र या देशात कायद्याने यावे, त्यावर गैरवापर रोखणारी देखरेख असावी आणि पालक नेमण्याचे काम उच्च न्यायालयाऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावे. चौदा-पंधरा कोटी मतदारांच्या या मागणीसाठी आजवर एकही मोर्चा निघालेला नाही. निघणार तरी कसा? ज्यांना गरज पडली ते अंथरुणावर आहेत, आणि ज्यांना पडायची आहे त्यांना अजून वाटते की आपल्यावर ती वेळ येणार नाही.

ती वेळ कोणाकोणावर येईल हे सांगता येत नाही. पण ठेवीच्या पावतीवर काय लिहिले आहे, घर कोणाच्या नावावर आहे, आपल्या वतीने कोणी बोलावे आणि पत्नीचा पाट कुठे मांडलेला आहे, या चार प्रश्नांची उत्तरे आज देता येतात. आज सही आपली आहे, आणि तिला अर्थ आहे.